पाट आणि तिसरी तार

आमच्या घरात कुणाला इस्त्रीचा झटका बसला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: पाटावर उभी होतीस का? भाजलं का, लागलं का, याची चौकशी मागाहून. प्रश्न नेहमी बाईलाच, कारण इस्त्र्या बनवायचे पुरुष आणि त्या कपड्यांवरून फिरवायच्या आम्ही दोघी, सासूबाई आणि मी.

मी कुरुंदवाडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन कोल्हापूरला राजारामपुरीत आले तेव्हा स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे सासरे, म्हणजे मामंजी, मूळचे ओतकाम करणारे. उसाच्या चरकाचे सुटे भाग ओतण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. लढाई संपल्यावर कुणाच्या तरी बंगल्यावर त्यांनी विजेची विलायती इस्त्री पाहिली, हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, ह्यात काय हाय? त्यांच्या सगळ्या धंद्याचा पाया म्हणजे हा प्रश्न. उद्यमनगरातल्या शेडमध्ये त्यांनी बिडाचा तळ ओतला, आमच्या ह्यांनी अभ्रकाच्या पत्र्यावर तार गुंडाळून तो तापवायची सोय केली, वर हिरव्या रंगाचं लोखंडी टोपण आणि लाकडी मूठ बसली. इस्त्री जड होती, पण काम चोख करायची. गावातल्या शिंप्यांनी आणि लाँड्रीवाल्यांनी ती उचलून धरली.

माहेरी आमची इस्त्री म्हणजे कपड्यांची घडी गादीखाली घालून त्यावर झोपणं. सासरी पहिल्यांदा ते हिरवं प्रकरण हातात घेतलं आणि टोपणाला बोट लागलं, तेव्हा कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली की मी मूठ सोडून मागे सरले. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, पाट घे की. भिंतीला एक जाड पाट उभा केलेला असायचा, जेवायच्या पाटांहून वेगळा. त्यावर उभं राहिलं की झिणझिणी येत नसे, किंवा इतकी कमी येई की ती मोजायची नाही असा घरचा रिवाज होता. मामंजी गिऱ्हाइकालाही इस्त्री देताना बजावत, पाटावर हुबं ऱ्हायाचं, वल्ल्या हातानं धरायची न्हाय. त्यामुळे गावातल्या कितीतरी शिंप्यांच्या दुकानात मशीनशेजारी एकेक पाट आला होता. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण नव्या सुनेला कोण विचारतो. मला त्या इस्त्रीची मनापासून भीती वाटायची. रोज सकाळी ह्यांचा सदरा पुढ्यात आला की एक दिवस ही आपल्यापैकी कुणाला तरी धरणार, असं मनात येऊन जायचं.

अशात समुद्रापलीकडे मोंबासाला दुकान असलेले एक व्यापारी नात्यातल्या लग्नासाठी कोल्हापुरात आले. मूळचे निपाणीकडचे, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारे. लग्नघरी त्यांच्या कोटावरून आमची इस्त्री फिरली आणि त्यांनी ती कुणी केली याची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन त्यांनी सगळं काम पाहिलं. माल तिकडे खपेल, म्हणाले, पण एक अडचण आहे. तिथला अंमल इंग्रजांचा. विजेची वस्तू विलायतेतल्या चाचणीघरातून तपासून, दाखला मिळवून आली तरच बंदरातून सुटते. मामंजी म्हणाले, तपासू द्यात की. व्यापाऱ्यांनी परत गेल्यावर त्या चाचणीच्या नियमांचं एक छापील पुस्तक पाठवून दिलं.

पुस्तक सगळं इंग्रजीत. मामंजींची मजल मराठी चौथीपर्यंत. आमचे हे मॅट्रिकला अडखळलेले. आणि मी इंटरपर्यंत शिकलेली, पण ते शिक्षण लग्न ठरवताना एकदा सांगून झालं होतं, पुढे कुणाला त्याची गरज पडली नव्हती. आता पडली. दुपारी जेवणं झाली की मामंजी सोप्यात लोडाला टेकून बसायचे आणि मी माजघराच्या उंबऱ्यावर, डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर पुस्तक ठेवून वाचायची. एकेक वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं. त्या पुस्तकात विनंती कुठे नव्हतीच, सगळी आज्ञा. तार अमुक जाडीची पाहिजे, मूठ अमुक वेळानंतरही गार राहिली पाहिजे. सासऱ्यासमोर मान वर न करणारी सून त्यांना दुपारभर हुकूम ऐकवत होती. सुरुवातीला मी सगळं 'असलं तर बरं' अशा सुरात सांगायची. हळूहळू धीर चेपला आणि पुस्तकाच्याच सुरात सांगू लागले. त्यात मला गोडी वाटायला लागली होती, हे कशाला लपवू.

मामंजींचा मात्र पुस्तकाशी वाद सुरू झाला. इस्त्री टेबलाच्या उंचीवरून पाडली तरी तिचा कुठला भाग निखळता कामा नये, असं वाचलं की ते विचारायचे, पाडायची कशाला? दोर ओढला तरी आतली तार सुटता कामा नये, असं म्हटलं की, दोर धरून ओढतंय कोण? पुस्तक तिथे बोलायला नव्हतं, त्यामुळे त्याच्या वतीने गप्प बसणं माझ्याकडे आलं होतं. मग ते कलम आलं. हात लागेल असा धातूचा प्रत्येक भाग एका तिसऱ्या तारेने जमिनीशी जोडलेला पाहिजे, म्हणजे आत काही बिघडलं तर वीज माणसातून न जाता त्या तारेतून जमिनीत जाईल. आमच्या इस्त्रीला दोनच तारा होत्या.

मामंजी म्हणाले, "मग पाट कशाला हाय?"

त्यांच्या मते साहेबाचं एवढंच चुकत होतं की त्याला पाट ठाऊक नव्हता. बूट घालून घरात हिंडणारा आणि खुर्चीवर बसून जेवणारा माणूस, त्याला पाट कुठून ठाऊक असणार? ते त्याला दाखवलं की झालं. मामंजींनी सुताराकडून नवा सागवानी पाट करून घेतला, त्याला पॉलिश लावलं, आणि नमुन्याच्या इस्त्र्यांबरोबर तोही पेटीत भरला. सोबत इंग्रजी पत्र मी लिहिलं. इस्त्री करणाऱ्याने या लाकडी फळीवर उभं राहावं, फळी कोरडी असावी, पाय पुसलेले असावेत. शाळेत आणि कॉलेजात शिकलेलं सगळं चांगलं इंग्रजी मी त्या पाटाच्या वर्णनावर खर्च केलं. हे सगळं हास्यास्पद आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही, मलासुद्धा नाही. सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि पेटी मुंबईमार्गे बोटीने गेली.

उत्तर यायला कितीतरी महिने लागले. उत्तर मोठं अदबीचं होतं. तळ उत्तम ओतलेला आहे, सगळीकडे सारखा तापतो, पाडूनही इस्त्री फुटली नाही. एवढं वाचेपर्यंत मामंजी मांडीवर थाप मारून ह्यांच्याकडे पाहत होते. मग पुढचं आलं. जमिनीची तार नसल्यामुळे दाखला देता येत नाही. आणि पाटाविषयी वेगळा परिच्छेद होता. तो मी आधी मनात वाचला, आणि मग मोठ्याने सांगितला. पाट सुबक आहे, पण ज्याला त्याचा उपयोग माहीत नाही, किंवा जो त्यावर उभं राहायला विसरला, अशा माणसालाही या इस्त्रीपासून धोका असता कामा नये.

मामंजी फणकाऱ्याने म्हणाले, इसरायचं कशाला? मला पुढचं वाचवेना. मला रडू आलं होतं आणि ते पदराने टिपावं तर दिसलं असतं. तोवर मी जिथे जिथे राहिले तिथे, दूध उतू गेलं तर लक्ष नव्हतं म्हणून, पाय घसरला तर बघून चालली नाही म्हणून, झटका बसला तर पाट घेतला नाही म्हणून. चूक नेहमी जिला लागलं तिची. आणि इथे सातासमुद्रापलीकडचा कुणीतरी कारकून लिहीत होता की माणूस विसरणार, विसरू द्या, वस्तूने सांभाळून घेतलं पाहिजे. त्या साहेबांच्या राज्याने आमचं काय काय केलं ते मास्तरांच्या घरात वाढल्यामुळे मला पाठ होतं. तरीही त्या वाक्यापुढे माझे हात जोडले गेले.

मामंजी काही दिवस घुश्शात होते. पाट त्यांनी परत मागवला नाही. साहेब त्यावर बसून जेवत असेल, म्हणायचे. पण नाकारलेला माल ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती. मुंबईहून तीन तारांचा दोर मागवला गेला. ह्यांनी तिसरी तार टोपणाच्या आतल्या स्क्रूला जोडली आणि जोड बसला का ते त्या तारेतून दिवा लावून पाहिलं, तर तो पेटेच ना. मामंजींचा रंग आतूनबाहेरून इतका चोख, की स्क्रू लोखंडाला न भिडता रंगावरच बसला होता. तेवढ्या जागेवरचा रंग खरवडायचा म्हटल्यावर त्यांचा जीव कळवळला. आत कोण बघणार असं म्हणून काम सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते, आणि आता आतलंच उघडं ठेवायचं होतं. अखेर त्यांनी स्वतःच कानशीने तो घासला. दुसरे नमुने पाटाशिवाय गेले, आणि या वेळी दाखला आला.

पेढे वाटले, अंबाबाईला नारळ फोडला, दाखला चौकटीत बसवून सोप्यात लावला. शेडमध्ये आता दोन तऱ्हेचा माल होऊ लागला. मोंबासाचा तीन तारांचा आणि गावचा दोन तारांचा. घरातली इस्त्री अर्थातच गावची. एका दुपारी धीर करून मी मामंजींना विचारलं की घरच्या इस्त्रीलाही तिसरी तार लावता येईल का. ते रागावले नाहीत, त्यांना नवलच वाटलं.

"भिंतीत दोनच भोकं हाईत, तार घालतीस कुठं?" ते म्हणाले. "आन् तिकडच्या बायकांना पाट म्हाईत न्हाय. तुमाला हाय की."

म्हणजे ज्यांना सांभाळून राहायची सवय झाली त्यांनी सांभाळूनच राहायचं, आणि जपायचं ते परक्यांना. संध्याकाळी ह्यांना म्हटलं. ह्यांना माझं पटलं होतं. पण अंगण खणायचं, घरातल्या तारा बदलायच्या, वडिलांना सांगायचं, बघू, म्हणाले. आमच्या ह्यांचं 'बघू' म्हणजे बुडीत खातं.

पुढच्या आषाढात कोल्हापुरात जी झड लागली ती थांबेना. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, तेव्हा अर्धवट ओले कपडे इस्त्रीनेच वाळवायचे चालले होते. त्या सकाळी मी त्या वर्षी झालेल्या लेकीला पाजत बसले होते, म्हणून सासूबाईंनी इस्त्री घेतली. त्यांच्याइतकं नेमाने वागणारं माणूस मी पाहिलं नाही. पाय पुसून पाटावर चढायच्या, हात पदराला कोरडे करायच्या, मगच मुठीला शिवायच्या. मला किंकाळी ऐकू आली नाही, घुसमटल्यासारखा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर त्यांचा हात टोपणाला चिकटलेला आणि सगळं अंग ताठ. मी लेकीला खाली टाकलंच म्हणायचं, आणि भिंतीतली पिन दोरासकट उपटली. सासूबाई फरशीवर कोसळल्या.

त्या वाचल्या. तळहात भाजला होता आणि दोन बोटं पुढे कधी पुरती सरळ झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं शेपटावर निभावलं. मामंजी उद्यमनगरातून भिजत सायकल मारत आले. सासूबाई माजघरात अंथरुणावर होत्या, हाताला पट्टी, चेहरा पांढराफटक. ते धापा टाकत त्यांच्याजवळ खाली बसले आणि सवयीने तोंडून तेच निघालं.

"पाटावर हुतीस न्हवं?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "पाटावरच."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगितलं तसं केलं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मामंजी उठून बाहेर गेले आणि तो पाट त्यांनी उलटा केला. झड लागल्यापासून तो भिंतीला उभा न राहता ओलसर फरशीवरच पडून होता, म्हणून त्याची खालची बाजू काळी पडली होती, खिळे गंजून फुगले होते, लाकूड ओलं झालं होतं. वरून तो कोरडा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि विलायतेहून पहिल्यांदा आलेलं ते पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मी उंबऱ्यावर बसून वाचलं. पाटाचा परिच्छेद आला, विसरणाऱ्या माणसाचं वाक्य आलं. वाचून झाल्यावर मला वाटलं जा म्हणतील.

"परमुलखातल्या बायकांना जपलं मी," ते म्हणाले. "हिला न्हाय जपलं."

त्यांनी माझ्याकडे पाहून हे म्हटलं नाही, पण मला ऐकवायलाच म्हटलं होतं. मला त्यांचा राग होता, खूप होता, आणि तो तिथल्या तिथे गेला असं मी म्हणणार नाही. पण त्यातला बराच त्या दुपारी ओसरला.

पावसाने उघडीप दिल्यावर त्यांनी परसात न्हाणीच्या मागे खड्डा खणून घेतला. शेडमध्ये बिडाची एक जाड पाटी ओतली, ती कोळसा आणि मीठ घालून खड्ड्यात पुरली आणि तिच्यापासून भिंतीपर्यंत तांब्याची तार आणली. भिंतीत दोनाच्या जागी तीन भोकं आली. आणि त्या महिन्यापासून दोन तारांची एकही इस्त्री शेडबाहेर पडली नाही. धंद्याला फटका बसला. लोक म्हणायचे, तिसरी तार लोंबतीय कशाला, आमच्यात जागाच न्हाय तिला. काही शिंप्यांच्या दुकानामागे मामंजींनी पदरमोड करून खड्डे खणून दिले, काहींनी हसण्यावारी नेलं, आणि पुष्कळांनी घरी गेल्यावर ती तार कात्रीने कापून टाकली असणार. ह्यांनी एकदा म्हटलं की ज्यांना नको त्यांना दोन तारांची द्यावी. मामंजींनी नुसतं माजघराकडे पाहिलं, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

सासूबाईंचा हात बरा झाला, पण त्या इस्त्रीच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या. मामंजींनी त्यांना खड्डा दाखवला, तार दाखवली, वीज कुठून कुठे जाते ते जमिनीवर खडूने काढून सांगितलं. त्या म्हणायच्या, तुमचं खरं असंल, पर हात म्होरं येत न्हाय.

मग एका दुपारी ते शेडमधून लवकर घरी आले. पायातल्या वहाणा काढल्या, घागरीतलं पाणी तांब्याने घेऊन फरशीवर ओतलं आणि त्या पाण्यात अनवाणी उभे राहिले. आम्ही दोघी पाहतच राहिलो. तिसऱ्या तारेची इस्त्री तापत घातली आणि दोरीवरून हाताला आलं ते ओढलं. ते सासूबाईंचं पातळ होतं. आमच्या घरात बायकांच्या कपड्यांना तोवर कधी इस्त्री झाली नव्हती. इस्त्री असायची बाहेर जाणाऱ्यांच्या सदऱ्यांना आणि कोटांना. मामंजींनी डावा तळहात इस्त्रीच्या टोपणाला लावला, चटका बसला तसा काढला, पुन्हा लावला, आणि उजव्या हाताने ती पातळावरून फिरवायला लागले. आयुष्यभर इस्त्र्या ओतलेल्या माणसाला ती फिरवायची कशी हे येत नव्हतं. एक चुणी मोडायला जायचे आणि दोन पडायच्या. सासूबाई खांबाला टेकून बघत होत्या. बराच वेळ बघितल्यावर त्या म्हणाल्या, काठ दुमडतोय, आणि उठून त्यांच्याजवळ गेल्या. पट्टी नुकतीच निघालेल्या हाताने त्यांनी पातळाचा काठ ताणून धरला. त्याही अनवाणीच होत्या, आणि त्याच पाण्यात उभ्या होत्या.